भरतीची वेळ आणि राशिभविष्य एकाच पानावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण मिठाचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

मी माहीमला राहते, बँकेतून रिटायर झालेय, सायन्सशी संबंध बारावीपर्यंतच आला आणि त्यातही केमिस्ट्रीत जेमतेम पास. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की बाई फार शहाणपणा शिकवतायत. तर मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या मशीनचा डेमो होता. टायवाला एक तरुण मुलगा आला, बोलायला एकदम गोड. त्याने दोन ग्लास ठेवले, एकात आमच्या नळाचं पाणी आणि एकात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हीत सळ्या असलेलं एक यंत्र बुडवून प्लगमध्ये लावलं. दोन मिनिटांत नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर काळपट हिरवा फेस, बघवेना. मशीनचं पाणी मात्र स्वच्छच्या स्वच्छ. "काकू, हे रोज तुमच्या नातवंडांच्या पोटात जातंय" असं तो म्हणाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. दहा मिनिटांत चार बुकिंग झाली, एकेका मशीनचे अठरा हजार.

माझी भाची नववीत आहे, ती सुट्टीला आली होती. ती हळूच म्हणाली, मावशी, त्या स्वच्छ ग्लासात मीठ टाकून बघू का? मी म्हटलं टाक. त्या मुलाला वाटलं पोरगी गंमत करतेय, तो हसत बाजूला झाला. चिमूटभर मीठ टाकलं, सळ्या परत बुडवल्या आणि ते अठरा हजारवालं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा पटकन तपकिरी झालं! हॉलमध्ये एकदम शांतता.

भाचीने मग जे सांगितलं ते मी नंतर दोन-तीन ठिकाणी वाचून खात्री करून घेतलं. त्या यंत्रात लोखंडाची सळी असते. पाण्यातून वीज गेली की ती सळी झिजते आणि जो रंग दिसतो तो तिच्याच गंजाचा. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून त्यातून वीज जाते, मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात म्हणून जात नाही. म्हणजे ती घाण पाण्यातली नव्हतीच, ती त्याच्या यंत्रातली होती. आणि तो जो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा) सारखा नाचवत होता, नळाचं पंच्याऐंशी, आमचं नऊ, तो मीटर पाण्यातून वीज किती जाते तेवढंच मोजतो, जंतू आहेत की नाहीत हे त्याला कळतच नाही. आणि पंच्याऐंशी काही वाईट नाही, भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चालतं आणि आपल्याकडे भातसा, तानसा, वैतरणाचं तलावाचं पाणी येतं, बोअरचं नाही. टाकी धुतलेली नसणं, पाइप गळणं हे खरे प्रॉब्लेम, पण ते सळ्यांनी दिसत नाहीत. आमची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींनाही आठवत नाही, असो.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. त्या मुलाकडे सगळं सायन्सचंच होतं ना? यंत्र होतं, मीटर होता, आकडे होते, इलेक्ट्रोलिसिस (म्हणजे पाण्यातून वीज सोडणं) हा शब्दही बरोबर वापरला त्याने. फक्त आपलं खोटं ठरू शकेल असं काही करायची त्याची तयारी नव्हती. मीठ टाकायचं त्याला सुचलं नाही की सुचलं होतं म्हणूनच टाकलं नाही, देव जाणे. मला वाटतं फरक इथेच आहे, भाषेत नाही आणि डिग्रीतही नाही. जो माणूस आधीच सांगतो की असं असं झालं तर मी चुकलो समजा, त्याचं ऐकावं.

आपल्या मुंबईतच याचं केवढं मोठं उदाहरण आहे. 1896 ला मांडवीला प्लेग आला, माणसं पटापट मरत होती, तेव्हा हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. पण माझ्या मते स्वतःला टोचणं हा त्यातला मोठा भाग नाही, तेवढं धाडस एखादा बाबाही करेल. मोठा भाग पुढचा. भायखळ्याच्या जेलमध्ये प्लेग शिरला तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि मग दोन्हीकडे किती आजारी पडले ते मोजलं. लस घेतलेल्यांत कमी निघाले. जास्त निघाले असते तर? तर लस फेल, सगळ्यांसमोर. आज परळला ज्या इन्स्टिट्यूटला त्याचं नाव आहे तिच्यासमोरून आपण बसने जातो आणि घरी येऊन ग्रुपवर "क्वांटम एनर्जीचं ब्रेसलेट, नासाने मान्य केलंय" हे फॉरवर्ड करतो.

मी हे सगळं बोलले तर आमचे सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, गॅलिलिओलाही लोकांनी वेड्यात काढलं होतं. हो काढलं होतं, पण वेड्यात काढलेला प्रत्येक जण गॅलिलिओ निघत नाही ना! ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शलनाही कोणी मानत नव्हतं, पोटातला अल्सर जंतूमुळे होतो म्हटल्यावर डॉक्टर लोक हसायचे. त्यांनी 1984 मध्ये ते जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं. पण नोबेल मिळालं 2005 ला, मधल्या काळात जगभरच्या डॉक्टरांनी जंतू मारायची औषधं देऊन अल्सर बरे होतात हे तपासून झाल्यावर.

आता तुमच्या पेपरबद्दल, रागावू नका. पावसाळ्यात तुम्ही समुद्राच्या भरतीची वेळ आणि लाटेची उंची छापता, आणि त्याच पानावर खाली राशिभविष्य. भरती दुपारी 1 वाजून 12 मिनिटांनी म्हटलं की माहीमच्या खाडीवर घड्याळ घेऊन उभं राहता येतं, पाणी चढलं नाही तर तुम्ही खोटे. "कर्क: आर्थिक बाबतीत सावध राहा, जुने मित्र भेटतील" हे खोटं कसं ठरवायचं? माझी रास कर्कच आहे आणि मी तर बँकेत होते, आर्थिक बाबतीत तीस वर्षं सावधच होते.

इथे कोणी म्हणेल की या बाईंना जुनं ते सगळं खोटं वाटतं. अजिबात नाही. आमच्या इथल्या कोळी मावशी भरतीची वेळ पेपर न बघता सांगतात, तिथीच्या पाऊणपट करायचं, झालं. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास आणि तेव्हाच उधाण. मी महिनाभर तुमच्या वेळांशी ताडून बघितलं, थोडंफार मागेपुढे पण जमतं की! भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, चंद्रामुळे, म्हणून हिशोब बसतो. पंचांगातली तिथी आणि ग्रहण हे गणित आहे, चुकलं तर लगेच दिसेल. त्याच पंचांगातलं तुमचं लग्न कधी जमेल हे गणित नाही, नुसतं त्याच्या शेजारी बसलंय आणि त्याची अब्रू वापरतंय.

आणि ते तपासूनही झालंय. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी पुण्यात 2008 ला हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा मिळून 200 पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि विचारलं की यातली कुठली हुशार मुलाची ते सांगा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगल्याची 24 बरोबर आली, बाकी बहुतेकांची निम्मी किंवा त्याहूनही कमी. नाणं उडवलं असतं तरी 20 च्या आसपास आली असती! एका संस्थेने तर सगळ्या 200 बघितल्या, 102 बरोबर.

हवामान खातं पण चुकतंच की, हे मला हमखास ऐकवतात. चुकतंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही, आधी कोणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः त्या रात्री दादरला ब्रँचमध्ये टेबलावर झोपलेय. पण चुकल्यावर काय होतं ते बघा. 2002 ला देशभर दुष्काळ पडला आणि खात्याचा सोळा गोष्टींवरून पाऊस सांगायचा फॉर्म्युला पार आपटला, तर 2003 ला त्यांनी तो बदलला. मुंबईत पुढे पावसाचे ढग टिपणारं डॉपलर रडार आलं. ज्योतिषाने भविष्य चुकलं म्हणून पद्धत बदलली असं मी तरी ऐकलं नाही, जन्मवेळच चुकीची दिली असेल म्हणतात.

म्हणून दोन मागण्या आहेत. "शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की" अशी बातमी छापाल तेव्हा किती माणसांवर बघितलं, तुलनेला दुसरा गट होता का आणि पैसे कोणी दिले, एवढ्या तीन गोष्टी लिहा, एका ओळीत बसतात. ही माहिती मिळालीच नाही तर तसंही लिहा, आम्ही समजून घेऊ. आणि औषधांच्या, मशीनच्या जाहिराती बातमीसारख्या फॉन्टमध्ये नका हो छापू, चष्मा लावूनही वर कोपऱ्यात बारीक लिहिलेलं "जाहिरात" मला दिसत नाही.

राशिभविष्य बंद करा असं म्हणणार नाही, माझ्या सासूबाई ते वाचल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत आणि घरात भांडण नकोय मला. फक्त त्याच्या शेजारी एक छोटी चौकट टाका, मागच्या आठवड्यातलं किती बरोबर आलं. भरतीचं पण टाका, दोन्ही एकाखाली एक.

आपली,
एक वाचक, माहीम, मुंबई

ता.क. चारपैकी तीन बुकिंग कॅन्सल झाली. चौथं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं, त्या म्हणतात मशीन दिसायला छान आहे.