सूचना : विज्ञान इमारतीतील एक्झॉस्टचे काम सोमवारपासून

सर्व प्राध्यापक, प्रयोगशाळा सहायक व संशोधक विद्यार्थी,

जुन्या इमारतीतले एक्झॉस्ट पंखे, डक्ट (हवा वाहून नेणारे नळ) आणि फ्यूम हूड (रसायनांची वाफ बाहेर ओढणारी काचेची कपाटे) येत्या सोमवारपासून बदलणार आहेत. सुरुवात पहिल्या मजल्यावरच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेपासून. वेळ सकाळी 8 ते दुपारी 1. परवा हूडच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरून पाहिला, जरासुद्धा हलला नाही, म्हणजे हूड हवा ओढतच नाही. तेव्हा काम पुढे ढकलण्याची विनंती कृपया करू नये.

• शनिवारी संध्याकाळी 5 पर्यंत हूड रिकामे करा. बाटल्यांवर नावे हवीतच.
• ईथर, ॲसिटोन भांडारात जमा करा. ईथर साधारण 35 अंशांना उकळतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीच त्यापुढे जाते.
• हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रयोग पूर्ण बंद. वास येत नाही यावर विसंबू नका; प्रमाण वाढले की नाकच बधिर होते.

काहींनी विचारले, तोवर कूलर लावू का? नको. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, मग आतली वाफ व्हरांड्यात येते.

नव्या हूडची काच खुणेपर्यंतच उघडा. हवेचा वेग सेकंदाला सुमारे 0.5 मीटर लागतो, काच पूर्ण वर केली की तो टिकत नाही.

— विभागप्रमुख