ठेकेदार येऊन गेला, तुझा बेहडा अजून उभा आहे

प्रिय बंड्या,

फोनवर धड बोलणं होत नाही, तू लोकलमध्ये लटकलेला असतोस आणि मला घरात रेंज नसते, म्हणून लिहायला बसलो. परवा लाकडाचा ठेकेदार येऊन गेला. तोच रे, मागे सात-आठ वर्षांपूर्वी आपल्या वरच्या रानाची तोड केलेला. यंदा म्हणतो, आपल्या दोघांच्या रानांमधल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, अलीकडचं-पलीकडचं दोन्ही मिळून उक्तं, एकरकमी देऊन टाका, अर्धे पैसे आजच रोख. तुझ्या काकांशी बोलणं झालंय असंही सांगून गेला, खरंखोटं तू बघ. आकडा फोनवर सांगतो.

मी ताडकन नाही म्हटलं असं समजू नको. पोरीची फी जूनमध्ये भरायचीय, पडवीची कौलं गेलीत. त्याला हे सगळं बरोबर माहीत असतं. कुणाकडे लग्न निघालंय, कोण दवाखान्यात आहे, कुणाच्या पोराचं अॅडमिशन आहे ते बघूनच तो पायरी चढतो. रानाची किंमत तो कमीच देतो पण वेळेवर देतो, आणि तिथेच आपण सगळे हरतो.

तो गेल्यावर वर चढून गेलो. तुझ्या हिश्शातला पऱ्याजवळचा, ओढ्याकाठचा मोठा बेहडा आठवतो ना, त्याच्या ढोलीत यंदाही महाधनेशाची मादी बसलीय. ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय, फक्त फट ठेवलीय, आणि नर दिवसभर तिला फळं आणून भरवतोय. पिल्लं मोठी होईपर्यंत म्हणजे पार उन्हाळ्यापर्यंत ती बिचारी त्याच्यावरच अवलंबून. आता गंमत बघ, घर तुझ्याकडे आणि खाणावळ माझ्याकडे, कारण वड आणि उंबर सगळे गडग्याच्या माझ्या बाजूला. तू तोडलंस तर माझे उंबर राहून काय उपयोग, आणि मी तोडले तर तुझी ढोली रिकामीच.

मालकीचं रान राखायला जगात कुठे काय करतात, गेले दोन महिने रात्री मोबाइलवर हेच वाचत बसतो, बायको म्हणते डोळे जातील. केनियात नैरोबी शहराला चिकटून नॅशनल पार्क आहे, तीन बाजूंनी कुंपण आणि दक्षिणेला मोकळं. पावसात झेब्रे, वाइल्डबीस्ट तिकडून बाहेर पडून मसाई लोकांच्या खाजगी जमिनीवर चरायला जातात. 2000 साली किटेंगेला भागात या मालकांना एकरी वर्षाला 4 डॉलर द्यायला सुरुवात झाली, अट एवढीच की कुंपण घालायचं नाही, खाण खोदायची नाही, तुकडे पाडून विकायचे नाहीत. गुरं खुशाल चारा. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की पैसे वर्षातून तीन हप्त्यांत, पोरांच्या शाळेच्या फीच्या वेळेला! कुणीतरी घराघरात बसून विचार केलेला दिसतो. तरी ते पुरलं नाही. पैसा देणगीदारांचा, आणि शहर वाढलं तसे जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले. मध्येच कुणी तार ओढली की शेजाऱ्याने मोकळं ठेवलेलं रान झेब्र्याच्या काय कामाचं? कोस्टा रिकाने 1996 च्या कायद्याने पेट्रोल-डिझेलच्या करातलाच हिस्सा जंगलमालकांना लावून दिला, तो जास्त टिकाऊ उपाय वाटतो मला.

आपल्या रत्नागिरीत तर सरकारी जंगल नावापुरतंच, जे काय आहे ते मालकीचं, म्हणजे अभयारण्य जाहीर करून आपलं रान वाचणार नाही, तुझ्या-माझ्यासारख्यांनीच ठेवलं तर राहील. आपल्या संगमेश्वर तालुक्यात पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था बरीच वर्षं मालकांशी रान राखण्याचे करार करतेय. बेहड्याची फळं गोळा करून त्यांना फेअरवाइल्ड सर्टिफिकेट मिळवलं, म्हणजे रानातला माल झाडाला धक्का न लावता आणि गोळा करणाऱ्याला रास्त पैसे देऊन घेतलाय याचा दाखला, माल इंग्लंडच्या हर्बल कंपनीला जातो, गोळा करणाऱ्याला जादा पैसे मिळतात. म्हणजे झाड उभं ठेवून दरवर्षी काहीतरी हातात. पण फळांचे पैसे ठेकेदाराच्या उक्त्याला टक्कर देतील असं मला वाटत नाही, फळ एखाद्या वर्षी लागतं, एखाद्या वर्षी नाही. शिवाय सातबाऱ्यावर तुमची अकरा नावं, आमची सात, त्यातले दोघं वारलेले आणि वारस नोंद अजून व्हायचीय. ठेकेदाराला याचं काही पडलेलं नसतं, तो एकाच्या हातात पैसे ठेवतो आणि बाकीचे भांडत बसतात. कराराला मात्र सगळ्यांच्या सह्या लागणार.

म्हणून मी ठरवलंय की एईआरएफकडे विचारायला जायचं तर दोघांनी मिळून जायचं. गडग्याच्या दोन्ही बाजूंचा एकच करार मागायचा, पैसे जूनच्या आधी मागायचे, आणि चुलीपुरतं सुकं लाकूड न् राबाचे टाळ (भाताच्या रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या फांद्या) आपल्याला नेता आले पाहिजेत हे लिहूनच घ्यायचं. नाही म्हणाले तर नाही, पण मग निदान ही मादी बाहेर पडेपर्यंत तरी ठेकेदाराला थांबवू.

तू आज रात्रीच काकांना फोन कर. अॅडव्हान्स घेतला असेल तर ओरडू नको, किती घेतला तेवढं विचार, मी निम्मे कुठूनतरी बघतो. शिमग्याला येशीलच, तेव्हा दुर्बीण आण आणि सगळ्या हिस्सेदारांच्या आधारची झेरॉक्स पण. डोंबिवलीच्या आत्याची विसरू नको, मागच्या वेळी तिच्यामुळेच अडलं होतं.

तुझाच,
सुन्या