साळगावच्या घरातली पुस्तकं

पणजी, गोवा
रविवार, संध्याकाळ

ती. स्व. दादा आणि वहिनी यांना,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, माझं इथं सगळं ठीक आहे. फोनवर हे बोलायला गेले असते तर अर्धं माझ्याच घशात राहिलं असतं, म्हणून बसून लिहिते आहे.

आजीला पहिलं पान तेवढं वाचून दाखव, दादा. तिच्या लेखी मी अजून परदेशातच राहते. तिचे थोरले भाऊ १९५५ च्या सत्याग्रहाला गोव्याच्या हद्दीवर गेले होते, आणि ते घरी परत येईपर्यंत तिच्या आईनं एक वेळचं जेवण सोडलं होतं, हे आपण किती वेळा ऐकलंय. १९ डिसेंबर १९६१ ला ती हद्द पुसली गेली, पण आजीला अजून ती दिसते. परवा तिनं विचारलं, "तिकडं आपलं बोलणारं माणूस मिळतं का गं?" मिळतं म्हणावं. माझ्या शेजारच्या काकू घरात कोंकणी बोलतात, सकाळी मराठी पेपर वाचतात आणि देवळातल्या भजनाला बसल्या की तुकोबांचे अभंग पाठ म्हणतात. मला इथं एकटं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या बाळीसाठी एक खोका पाठवते आहे. त्यात सहा पुस्तकं आहेत. सहाही आधी मी माझ्यासाठी घेतली, वाचली, आणि मग ती तिच्याकडे गेली पाहिजेत असं वाटलं.

त्यातली तीन साळगावच्या एका घरातून आली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका घर बंद करून मुलीकडे लिस्बनला निघाल्यात, पुस्तकं द्यायची आहेत. इकडं असं बरंच होतं. १९६१ च्या आधी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि मग गावंच्या गावं हळूहळू शांत होतात. शनिवारी गेले. चिऱ्याचं जुनं घर, पुढं बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या बसवलेल्या. आतल्या खोलीत मुलीचं कपाट होतं. इथल्या पावसाळ्यात पुस्तकाला बुरशी धरायला आठ दिवस पुरतात, पण त्या कपाटातल्या एकाही पुस्तकाला वास नव्हता. मुलगी जाऊन दहा वर्षं झाली तरी बाई दर दिवाळीनंतर सगळी पुस्तकं बाल्कांवात मांडून उन्हं दाखवायच्या. पैसे विचारले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. "व्हर गो," घेऊन जा गं, एवढंच म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

घरी येऊन उघडली तर प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं त्या मुलीचं वय लिहिलेलं. एकावर १२. एकावर १५. आणि 'द आउटसायडर्स' नावाच्या पातळशा कादंबरीवर दोन वयं: १३, आणि खाली वेगळ्या पेन्सिलीनं १७. सतराच्या पुढं रोमन अक्षरांत कोंकणीतून दोनच शब्द, "आतां समजलें".

दादा, हे पत्र त्या पुस्तकासाठी लिहिते आहे.

ते लिहायला घेतलं तेव्हा लेखिका, एस. ई. हिंटन, फक्त १५ वर्षांची होती. १९६७ मध्ये पुस्तक आलं तेव्हा १८ ची. नावाची नुसती आद्याक्षरं छापली, कारण मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर मुलग्यांच्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवणार नाही अशी प्रकाशकाला भीती होती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमातली कथा आहे. आईवडील मोटार अपघातात गेलेले तीन भाऊ. थोरला २० वर्षांचा. शिकायचं, खेळायचं सोडून तो मोलमजुरी करतो, छपरं घालायच्या कामावर जातो, म्हणजे धाकट्या दोघांना सरकार वेगवेगळं नेऊन ठेवणार नाही. सगळ्यात धाकटा १४ वर्षांचा, गोष्ट तोच सांगतो. त्याला वाटत असतं, थोरल्याला मी नकोच आहे. तो सारखा ओरडतो, उशीर झाला की जाब विचारतो, एकदा तर हात उगारतो, आणि त्या रात्री धाकटा घरातून पळून जातो.

मी हे साडेअकराला वाचत होते. पुढं वाचवेना. पुस्तक उलटं ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

बाबा गेले तेव्हा तू २० चा होतास. कोल्हापुरात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी १३ ची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू दुकानाची किल्ली कमरेला लावलीस आणि कॉलेजचं नाव परत घरात निघालं नाही. मला त्यातलं काही कळलं नाही, दादा. मला एवढंच दिसायचं की हसणारा, सायकलवर डबलसीट नेणारा माझा भाऊ कुठं तरी गेला आणि त्याच्या जागी दुसराच कुणी तरी रात्री नऊला दुकान बंद करून येतो, माझ्या वह्या तपासतो आणि रागावतो. मैत्रिणीकडून अंधार पडल्यावर आले म्हणून तू एकदा थोबाडीत मारलीस. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या दप्तरात शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा ठेवलास, तो मी उंबऱ्यावर तसाच सोडून शाळेत गेले.

कादंबरीत तो धाकटा इस्पितळात असताना थोरला येतो, दारात उभा राहून रडतो, आणि तेव्हा त्या मुलाला कळतं की हे सगळं ओरडणं भीतीपोटी होतं. आईवडील गेले तसा हाही जाईल, ही भीती. मला ते कळायला ४२ वर्षं लागली. ते पुस्तक मला १३ व्या वर्षी मिळालं असतं तर चिक्की मी खाल्ली असती.

तेव्हा मिळालं नाही, कारण त्या वयासाठी आपल्याकडे फारसं काही नव्हतंच. आठव. घरी 'किशोर'चे अंक यायचे, वाचनालयातून फास्टर फेणे आणायचो, आणि त्यानंतर एकदम जाडजूड पौराणिक कादंबऱ्या, मोठ्यांच्या. मधली चार-पाच वर्षं, जेव्हा माणूस सगळ्यात जास्त गोंधळलेला असतो, तेव्हा हातात काही नाही. इथं पणजीत पाटो भागात मध्यवर्ती ग्रंथालय आहे, पोर्तुगीजांनी १८३२ मध्ये सुरू केलेलं. आता त्याला कृष्णदास शामाचं नाव आहे, सोळाव्या शतकात ह्याच मातीत मराठीत कृष्णकथा रचणाऱ्याचं. सुट्टीला मी तिथं जाते आणि बाळीच्या वयाची मुलं बघते. लहान मुलांच्या विभागातून ती बाहेर येतात आणि मोठ्यांच्या कपाटांपुढं नुसती उभी राहतात. कुमार कादंबरी म्हणतात ती त्या मधल्या पायरीसाठी असते. वीस वर्षांचं व्हायच्या आधीच्या माणसाला पूर्ण माणूस धरून लिहिलेली.

वहिनी, आता तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, बाळी दार लावून घेते, विचारलं की "काही नाही" म्हणते. आणि अकरावीला सायन्स की कॉमर्स यावरून घरात ताण आहे. खोक्यातलं 'द गिव्हर' तिला सगळ्यात आधी द्या. लोइस लोरी यांचं, १९९३ चं. त्यात अशी एक वसाहत आहे जिथं दुःख नाही, भांडण नाही, कुणाला रंगसुद्धा दिसत नाहीत. मुलं बारा वर्षांची झाली की वडीलधारी मंडळी समारंभ करून प्रत्येकाला त्याचं आयुष्यभराचं काम सांगतात. सगळं मुलांच्या भल्यासाठीच. एका मुलाच्या वाट्याला जगाच्या जुन्या आठवणी सांभाळायचं काम येतं, आणि त्याला एका सफरचंदाचा लाल रंग पहिल्यांदा दिसतो. ते पान मी तीनदा वाचलं. शेवट उघडा ठेवलेला आहे, बाळी तुम्हाला येऊन विचारील की त्या मुलाचं पुढं काय झालं. त्या वेळी कुकर बंद करून तिच्याशी बोला, एवढंच माझं मागणं.

एक गोष्ट लपवत नाही. 'आउटसायडर्स'मध्ये मुलं सिगारेट ओढतात, टोळ्यांच्या मारामाऱ्या आहेत, तीन मुलं जिवानिशी जातात. अमेरिकेतही काही ठिकाणी पालकांनी ते शाळेतून काढायला लावलं होतं. तुम्हाला आधी चाळून बघावंसं वाटेल, बघा. पण पानं चिकटवू नका. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी मुलांच्या सह्या घेऊन दिग्दर्शक कपोला यांना पत्र पाठवलं होतं, की ह्या पुस्तकाचा सिनेमा करा. १९८३ मध्ये त्यांनी तो केला. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलंसुद्धा ह्या पुस्तकासाठी सही करायला पुढं येतात, ती ह्याच मारामाऱ्यांमुळं नाही. आत आपलंच कुणी तरी बोलतंय असं त्यांना वाटतं.

तिसरं साळगावचं पुस्तक 'द बुक थीफ'. जाड आहे, नाझी जर्मनीतलं आहे, आणि गोष्ट मृत्यू सांगतो. ते दोन वर्षांनी दिलं तरी चालेल. उरलेली तीन पणजीच्या दुकानातून घेतली. 'द ग्रासहॉपर्स रन' सिद्धार्थ सर्मा यांची, दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा नागा टेकड्यांत शिरल्या तेव्हाची. इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला त्याच्या दोन ओळीसुद्धा नव्हत्या.

आणि दोन मराठी, प्रकाश नारायण संत यांची 'वनवास' आणि 'शारदा संगीत'. ह्या कादंबऱ्या नाहीत, कथा आहेत, आणि मुलांसाठी म्हणून लिहिलेल्याही नाहीत. पण त्यातला लंपन नावाचा मुलगा आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे राहतो, आणि बोलतो ते बेळगावकडचं, कानडी हेल असलेलं मराठी. गडहिंग्लजच्या पोरीला ते वाचताना आपली आजीच बोलतेय असं वाटणार. इंग्रजी वाचून थकली की हे द्या. किंवा दादा, रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाच, आजीपण ऐकेल.

बाळीचं इंग्रजी अडेल, अडू दे. 'आउटसायडर्स'ची भाषा १५ वर्षांच्या मुलीची आहे, सोपी आहे. प्रत्येक शब्द शब्दकोशात बघायला लावू नका. वाचून झालं की "काय शिकलीस?" असं विचारू नका. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तिचं वय लिहायला सांगा, त्या मुलीच्या १३ आणि १७ च्या खाली. तिथंच मी ४२ लिहिलंय.

आणि दादा, बाळीचं झालं की ते तू वाच. दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. बाळीला संध्याकाळी उशीर झाला की तू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतोस, असं वहिनी म्हणाल्या. तू आत आल्यावर तिला काय म्हणतोस ते मला माहीत आहे. तिला कशासाठी म्हणतोस ते एकदा तूच तिला सांग. मला तू कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

पेडण्याच्या सहकाऱ्यांचे मेहुणे आजऱ्याला असतात, ते बुधवारी आंबोलीवरून जाताहेत. खोका ते आजरा स्टँडवर तुझ्या हातात देतील, मी नंबर दिलाय. पुस्तकांबरोबर आईसाठी कोकमं आणि आजीसाठी दोदोल आहे, दोदोल मऊ आहे, तिला चावायचा त्रास होणार नाही. येताना त्यांच्याकडे दोन किलो घनसाळ तांदूळ दे.

आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक पुडा.

तुझी धाकटी