ओक्लाहोमातल्या मूर गावच्या काकूंना

काकू, सा. न.

रोज फोनवर बोलतेस आणि आता पत्र कसलं, असं म्हणाल. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुरे" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, सगळ्यांदेखत.

अमेरिकेत, ओक्लाहोमात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. शनिवारी भर दुपारी टोर्नाडोचा, म्हणजे इथल्या विध्वंसक वावटळीचा, इशारा देणारा भोंगा सुरू झाला. मी लेकीला काखोटीला मारून बाथटबमध्ये बसले, अंगावर गादी ओढली. अर्ध्या तासाने तुम्हाला फोन केला तर तुम्हाला हसू आवरेना. दर शनिवारी बाराला भोंग्याची चाचणी असते, हे घर भाड्याने देताना आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. (कचऱ्याच्या गाडीची वेळ मात्र दोनदा सांगितली.) "शनिवार, बाराची वेळ आणि आभाळ निळं असेल तर खुशाल भाजी फोडणीला टाक. एरवी वाजला तर बूट घाल." बूटच, चप्पल नाही, टोर्नाडो गेल्यावर काचांतून आणि खिळ्यांतून चालावं लागतं.

मी दापोलीची. ३ जून २०२० ला 'निसर्ग'ने आमच्या पोफळी आडव्या केल्या होत्या, त्यामुळे वादळ मला नवीन नाही ही घमेंड. तुम्ही ती उतरवलीत. 'निसर्ग' आधी वर्दी देऊन आलं होतं. इथे दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप. वॉच (टोर्नाडो होऊ शकतो) आणि वॉर्निंग (तो आलाच, लपा) या दोन इशाऱ्यांमध्ये माझा कायम गोंधळ व्हायचा. तुम्ही म्हणालात, "वॉच म्हणजे कांदा चिरून ठेवलाय. वॉर्निंग म्हणजे तेलात मोहरी पडली. तू कांद्याच्या वेळेलाच माझ्याकडे ये. मोहरी तडतडायला लागल्यावर गाडी रस्त्यावर काढू नकोस."

मे महिन्यातली ती संध्याकाळ. तुम्ही गाडी आधीच बाहेर काढून ठेवली होती. गॅरेजच्या फरशीखाली वादळात लपायला केलेल्या खड्ड्याचं लोखंडी झाकण सरकवलं आणि आम्ही सहाजण त्या अरुंद पायऱ्या उतरलो. लेकीच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट, तुमच्या मांडीवर मळलेल्या कणकेचा डबा. "वर गेल्यावर पोळ्या लाटायच्याच आहेत ना!" काका फोनवर रडारचा लाल-जांभळा पट्टा बघत होते. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा २० मे २०१३ च्या मूरमधल्या टोर्नाडोबद्दल बोललात. त्या दिवशी २४ माणसं गेली, त्यात एकाच शाळेतली ७ मुलं. तुम्ही याच खड्ड्यात होतात. झाकण उघडल्यावर पलीकडची गल्ली ओळखूच येईना, एवढंच म्हणालात आणि लेकीच्या हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केलात.

आता आमच्या घरीही तसंच झाकण बसलंय. शहराच्या दफ्तरी त्याची नोंद करायला तुम्ही माझ्या मागे लागलात. वर ढिगारा पडला तर खाली माणसं आहेत हे कळायला नको? झाली नोंद, कालच.

तुमचा कणकेचा डबा माझ्याकडेच राहिलाय. शनिवारी आणून देते, भोंगा वाजून गेल्यावर.

तुमची,
दापोलीकरीण