फलक उतरवलात, निदान टेबल तरी राहू द्या

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
कर्नाटक सरकार
(पत्ता: सुवर्ण विधानसौध, बेळगाव. अधिवेशनाचे थोडके दिवस सोडले तर तिथे पत्र कोण उघडते ठाऊक नाही, पण आमच्या जवळचा सरकारी पत्ता तोच.)

विषय: कर्जदारांना हिशेब लावून देणाऱ्या मदत कक्षाबाबत

सविनय नमस्कार.

आमच्या भागातल्या एका तालुका कचेरीत ‘कर्जदार मदत कक्ष’ असा फलक लागला होता. दर मंगळवारी बँकेचा माणूस, कायदा सेवेचा वकील आणि पोलीस ठाण्याचा एक जमादार तिथे बसेल, असे तोंडी आश्वासन मिळाले. पहिल्या मंगळवारी व्हरांडा भरला. दुसऱ्या मंगळवारी दाराला कुलूप. गेल्या आठवड्यात फलकही उतरला आणि त्याच खिळ्याला ‘पाणी जपून वापरा’ ही सूचना टांगली गेली. कचेरीचे नाव लिहीत नाही. एखाद्या कारकुनाची बदली करून विषय मिटवाल, म्हणून.

आपल्या सरकारने काहीच केले नाही, असे आमचे म्हणणे नाही. सूक्ष्म कर्ज आणि लघु कर्जाच्या वसुलीतली जबरदस्ती रोखणारा वटहुकूम १२ फेब्रुवारी २०२५ ला निघाला. राज्यपालांनी एकदा परत पाठवला, सरकारने पुन्हा पाठवला, पुढे त्याचा कायदा झाला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. वाचून बरे वाटले. पण दारात येऊन शिव्या देणारा आत गेला तरी बाईच्या पिशवीतली चार लोन कार्डे, म्हणजे गटकर्जाच्या हप्त्यांची नोंद असलेली कार्डे, पिशवीतच राहतात. त्यांचे करायचे काय, हे बसून सांगणारा माणूस आम्हाला अजून दिसलेला नाही.

थोडा हिशेब मांडतो, कारण विधानसभेत भाषणे होतात, हिशेब होत नाही. पन्नास हजारांचे गटकर्ज, २४ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता येतो सुमारे २,६४४ रुपये, एकूण फेड ६३,४४५ च्या आसपास. एक टक्का प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ५९० आधीच कापले जातात, वर विमा. एवढे एक कर्ज झेपते. बेळगावच्या वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्या किंवा निपाणीत बिड्या वळणाऱ्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत हवेत. म्हणजे ७,५०० रुपये. असे दोन हप्ते ५,२८८ होतात, बसतात. तिसरा घेतला की ७,९३२, हद्द ओलांडली. चौथा हप्ता मग कुठल्या उत्पन्नावर दिला जातो? कागदावरच्या. अर्जात नवऱ्याचा पगार फुगवला जातो, शेतात नसलेली म्हैस लिहिली जाते, आणि सही करणारीला फॉर्म वाचता येत नाही. आमच्याकडची कुठलीही दहा घरे घ्या, सात घरांत फायनान्सचे कार्ड निघेल. मोजलेले नाही, पैजेवर सांगतो. आपल्याकडे खरा आकडा असेल तर छापा.

आणि ही झाली नियमात बसणारी सावकारी. नियमाबाहेरची आठवड्याच्या हप्त्याची. दहा हजार लिहून घ्यायचे, हातात साडेआठ हजार टेकवायचे, दहा आठवडे हजार-हजार न्यायचे. घेणाऱ्याला वाटते, दीड हजारच तर गेले. मुद्दल दर आठवड्याला कमी होत जाते हे धरून हिशेब केला तर वर्षाचा दर दीडशे टक्क्यांच्या वर जातो. कानडीत याला मीटर बड्डी म्हणतात. रिक्षाचा मीटर निदान रिक्षा थांबली की थांबतो. या सावकाराकडे नोंदणी आहे का, हे विचारायची जागा कोणती? आपल्या कायद्यात नोंदणी नसलेल्याने दुर्बल घटकांना दिलेले कर्ज माफ धरण्याची तरतूद आहे. मग नोंदणी झालेल्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का नाही? यादीच नसेल तर माझे कर्ज माफ झाले हे बाईने सिद्ध करायचे कसे?

आता त्या टेबलावर काय व्हायला हवे ते सांगतो. तज्ज्ञ समिती नेमायची असेल तर तिचा भत्ता वाचेल.

पहिले काम कागद गोळा करणे. लोन कार्डे, पासबुक, सोन्याच्या तारणाची पावती, जामीन राहिलेल्या सोसायटीची नोटीस. त्याबरोबरच क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल काढणे. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. गटकर्जासाठी तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आपल्या नावावर किती कर्जे आहेत हे कित्येक बायकांना तिथेच पहिल्यांदा कळते. ‘तुझ्या नावावर काढू, निम्मे तुला, हप्ते मी भरते’ असे सांगून कागद नेणाऱ्या मध्यस्थ बाया सगळ्या गल्ल्यांना माहीत आहेत. अहवाल चुकला असेल तर लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत दुरुस्त झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. किती जणांना ठाऊक?

दुसरे, क्रम लावणे. इथेच सगळे चुकतात, कारण जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे दिले जातात. आधी पाहायचे ते घर, जमीन आणि दागिने कुठे अडकलेत आणि लिलावाची तारीख कधी आहे. मग सगळ्यात चढ्या व्याजाचे कर्ज. गटकर्ज त्यानंतर, मग ते कितीही मोठ्याने मागोत. जुने फेडायला नवे काढणे तर सपशेल बंद. मध्यस्थ नेमके तेच सुचवतो, कारण त्याची टक्केवारी नव्या कर्जावर असते.

तिसरे, खाते. हप्ता आपोआप कापणारे मँडेट ज्या खात्यावर आहे त्याच खात्यात आपल्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये आले, तर ते किराणा दुकानापर्यंत पोहोचत नाहीत. खात्यात शिल्लक नसेल तर बँक वेगळा दंड लावते, फायनान्स वेगळा. आधार जोडलेले खाते निराळे ठेवता येते. बँकेतला शिपाईसुद्धा दहा मिनिटांत समजावू शकेल. पण समजावणे हे कुणाच्याच कामात लिहिलेले नाही.

चौथे, पत्र. प्रत्येक कर्जदात्याला एका पानाचे: उत्पन्न एवढे, एकूण हप्ते एवढे, मला महिन्याला एवढेच झेपते, मुदत वाढवून द्या. पोच घ्यायचीच. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८. आधी लेखी तक्रार केली नाही तर लोकपाल अर्ज परत करतो, आणि बहुतेक अर्ज तिथेच मरतात. पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्था) या लोकपालाकडे येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाचे दार. आमच्या भागात प्रत्येक चौकात एक सौहार्द आहे, तेव्हा हा फरक आधी सांगायला हवा.

तडजोड ठरली, तर रक्कम भरण्याआधी पत्र हातात हवे. ‘आधी भरा, पत्र नंतर देतो’ यात भले भले बुडाले. भरल्यावर अहवालात ‘सेटल्ड’ लागते, ‘क्लोज्ड’ नव्हे, आणि पुढे बँक त्यावरून नाकारते, हेही आधी सांगायचे. पूर्ण फेड झाली की घरजागेचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, डिसेंबर २०२३ पासून. लोकअदालतीत हप्ता कबूल करताना तोंड आवरावे लागते, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आणि बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही, बाई असणे पुरते. १९८७ च्या कायद्यात तसे लिहिले आहे, फोन १५१००. दाखल्यासाठी तलाठ्याकडे पाठवून दोन दिवसांची मजुरी बुडवणारे मात्र जागोजागी भेटतात.

वसुलीबद्दलही दोन शब्द. गटकर्जाला रिझर्व्ह बँकेचा नियम असा: सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही, नातेवाइकांना त्रास नाही, नाव जाहीर करणे नाही. ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आले नाही तरच घरी यायचे. प्रत्यक्षात काय होते? सेंटर मीटिंगला, म्हणजे हप्ते गोळा करायच्या गटाच्या बैठकीला, एकीचा हप्ता कमी पडला की नऊ जणींना दुपारपर्यंत बसवून ठेवतात. मुलांची शाळा सुटते, चूल थंड राहते. वसुली करणाऱ्याला बोलावे लागत नाही, शेजारणीच तिच्या तोंडाला लागतात. याला काय म्हणायचे? पुस्तकात याचे नाव सामूहिक जबाबदारी. ‘जेलमध्ये टाकू’ ही धमकीही रोजची. कर्ज न फिटणे हा गुन्हा नाही. चेक किंवा मँडेट परत गेल्याची वकिली नोटीस आली तर मात्र पैसे भरायला १५ दिवस मोजून असतात, ती डब्यात घालून ठेवायची नाही. गुन्हा दाखल करायला ठाण्याने नकार दिला तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हे आम्ही सांगतो. ठाण्याने सांगायचे होते.

भाषेचा विषय आला की आपण म्हणाल, हे आले आपल्या मूळपदावर. हो, आलो. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे पत्रक द्यायचे आहे. खरा वार्षिक दर, सगळे खर्च, सगळे त्यात, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. खानापूरच्या पलीकडच्या वाडीतल्या बाईला समजणारी भाषा कोणती, हे ठरवायला सीमावादासाठी नेमला होता तसा महाजन आयोग नको. कागद मिळतो इंग्रजीत, नाहीतर कानडीत, आणि अंगठा उमटतो मराठी. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क दिला आहे. पण कचेरीत मराठी अर्ज पुढे केला की टेबलापलीकडचा माणूस तो नोटीस आल्यासारखा दोन बोटांनी उचलतो. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर व्याज कोणत्या राज्याचे हे विचारून थांबत नाही. मुंबईचे पुढारी वर्षातून एकदा आमच्या नावाने गळा काढतात. हिशेब लावून द्यायला तिकडूनही कुणी आलेले नाही.

आता थोडे मोठ्या कर्जदारांबद्दल. २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांनी तिच्यातून हजारो कोटींवर पाणी सोडवून घेतले, बँका हसत सह्या करतात. त्याच संहितेत गरिबासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचे प्रकरण आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत असेल तर कर्जातून सुटका. आकडे पाहिलेत? एका गटकर्जालाही पुरत नाहीत. आणि एवढे प्रकरणसुद्धा सामान्य माणसासाठी अजून लागू केलेले नाही. त्याच्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे, ज्यात पाचशे रुपयांचे कर्ज असले की अर्ज करता येतो. पाचशे! इंग्रज गेले, पाचशे राहिले.

रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता आणि ऋण समुपदेशन केंद्रांची योजना आखली होती. २०१२ मध्ये नावातले समुपदेशन गळले, साक्षरता उरली. आता शिबिरे भरतात. बॅनर, चहा, ‘बचत करा’ असे भाषण, फोटो. ज्या बाईचे तीन हप्ते थकलेत तिला बचतीचे महत्त्व सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याचे महत्त्व सांगणे. शेतकऱ्याच्या कर्जमाफीवर निवडणुका लढवल्या जातात, बिडीवालीच्या हप्त्यावर कुणी लढवत नाही. तिची सोसायटी नाही, तिचा उतारा नाही, तिचा मतदारसंघ तर नाहीच.

मागणे फार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांत आठवड्यातला एक दिवस, एक टेबल, मराठी वाचणारा एक माणूस, एक प्रिंटर आणि पोचीचा शिक्का. नोंदणीकृत सावकारांची यादी पंचायतीच्या फळ्यावर, दोन्ही भाषांत. अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाने महिन्यातून एकदा त्या टेबलामागे बसावे, आलेली पत्रे किती आणि उत्तरे किती, ते लिहून लावावे. खर्च सुवर्णसौधातल्या अधिवेशनाच्या एका दिवसाच्या जेवणावळीहून कमीच असेल. बिल आम्ही पाहिलेले नाही, दाखवलेत तर आकडा दुरुस्त करू.

उत्तर कानडीत पाठवलेत तरी चालेल, आम्हाला वाचता येते. येत्या मंगळवारी साडेदहाला बायका पिशव्या घेऊन पुन्हा त्याच व्हरांड्यात येणार आहेत. त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे, तेवढे त्याआधी कळवा.

आपले,
सीमाभागात कर्जदारांचे अर्ज लिहून देणारे