पाडायच्या भिंतींसाठी भर दुपारचं शिफ्टिंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या अंकात उन्हापासून बचावाच्या सूचना आल्या होत्या. ताक प्या, बारा ते चार बाहेर पडू नका, पाळीव प्राण्यांना सावलीत ठेवा. सूचना बरोबरच आहेत. पण मुंबईत बारा ते चार बाहेर पडायला लावणारा नियम आपणच सोसायट्यांच्या फलकांवर लिहून ठेवलाय. हे पत्र त्या फलकाबद्दल आहे.

मुलुंडमधली आमची चार मजली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि मेअखेर जागा खाली करायला सांगण्यात आलं. पावसाच्या आत पाडकाम उरकायचं, मुलांना सुट्टी, त्यामुळे घरं बदलली जातात ती नेमकी याच दिवसांत. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात मुलुंडमध्ये जागा मिळेना. त्यात घरात अकरा वर्षांचा लॅब्रेडॉर आणि एक मांजर आहे म्हटल्यावर एजंट फोनही उचलेनात. शेवटी तीन वर्षं नाशिकला, दिरांच्या रिकाम्या घरात राहायचं ठरलं.

सोसायटीचा नियम असा: सामान हलवायचं ते सकाळी दहा ते पाच, त्यातही दुपारी एक ते तीन बंद, रविवारी अजिबात नाही. आम्ही सेक्रेटरींना विनंती केली, टेम्पो पहाटे पाचला लावू द्या, आठच्या आत आम्ही ठाणं ओलांडू. नाही म्हणाले. अंधारात जिन्याच्या भिंतींना ओरखडे पडतात! त्या भिंती पंधरवड्यात जेसीबीखाली जायच्या होत्या. वाद घालायची माझी इच्छा होती, पण आमच्या ह्यांनी डोळ्यांनी खुणावलं. तीस वर्षांचा शेजार, जाता जाता कशाला.

दहाला हमाल आले. बाळ्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, ओल्या पंचासकट न्हाणीघरात ठेवलं होतं. ठकी, म्हणजे आमची मांजर, मात्र खोके दिसू लागल्यापासूनच गायब होती. साडेबाराच्या सुमाराला गाद्यांची वळकटी खांद्यावर घेतलेला एक पोरगा जिन्यात थबकला आणि म्हणाला, "काकू, गादी ओरडतेय." ती वळकटी तशीच टेम्पोत तळाशी गेली असती, तर ठकीचं काय झालं असतं हे मला आजही मनात आणवत नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढं करा: पहिला खोका उघडायच्या आधी तिला पिंजऱ्यात घाला आणि ती खोली बंद करा.

निघालो दीडला. इथे आमची चूकही कबूल करते. मुक्या जीवांना आदल्या रात्रीच मुलाबरोबर पुढे पाठवायला हवं होतं. पण किल्ल्या द्यायच्या, सह्या करायच्या, गाडी एकच, आणि एसी आहे की, या भरवशावर आम्ही सगळे एकदमच निघालो. मानकोलीच्या कोंडीत गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि तिथेच एसीतून गरम वारा यायला लागला. काचा उघडल्या तर बाजूच्या ट्रेलरचा धूर आत.

कुत्रा धापा टाकतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो का टाकतो हे मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना तेवढा थोडा येतो. जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी हवेत उडतं तेव्हा त्याचं अंग निवतं. हवाच दमट असेल तर ते पाणी उडणार कसं? म्हणून मुंबईचे ३४ अंश कुत्र्याला नाशिकच्या कोरड्या उन्हाइतकेच जड जाऊ शकतात. किनाऱ्यावर पारा ३७ च्या पुढे आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेल्याशिवाय हवामान खातं उष्णतेची लाट म्हणत नाही. बाळ्याला लाट जाहीर होण्याची गरज पडली नाही. आधी त्याची जीभ विटेसारखी लाल झाली, मग लाळ घट्ट, चिकट, दोरीसारखी लोंबायला लागली. हाक मारली तर मान वळेना.

पडघ्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर गाडी घातली. पंपावरच्या मुलाने न सांगता गाड्या धुवायचा पाइप आणून दिला. मी बर्फ कुठे मिळेल म्हणून विचारत सुटले होते, तेवढ्यात मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांना फोन लागला. म्हणाले, "काकू, बर्फ नको, साधं पाणी ओता. पोटावर, जांघेत, पंजांवर. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, वारा घाला. आधी गार करा, मग दवाखाना गाठा." अर्धा तास मी ऑईलच्या जाहिरातीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होते. मग त्याने स्वतःहून तोंड वळवून दोन घोट पाणी प्यायलं. शहापूरच्या दवाखान्यात ताप १०४ भरला. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. पंपावर किती असेल, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

ठकी पिंजऱ्यात गप्प होती, तेच बरं होतं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर एक मिनिटही दवडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजारच्या वहिनींनी प्रवासाआधी झोपेची गोळी द्यायला सुचवलं होतं. दिली नाही ते नशीब, कारण अशा काही औषधांनी शरीराची उष्णता सांभाळायची ताकदच कमी होते.

रेल्वेने का गेला नाहीत, असं बरेच जण विचारतात. कुत्रा सोबत हवा तर पहिल्या वर्गातला कूपे अख्खा घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. मे महिन्यात त्या पेटीत अकरा वर्षांचा कुत्रा मी घालणार नाही.

कायदा आहे. जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने नेणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे प्रवासाआधी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. तो आम्ही घेतला होता. कुत्रा प्रवासाला योग्य आहे असं त्यात लिहिलंय. किती वाजताच्या प्रवासाला, ते नाही.

म्हणून सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पहाटे साडेचार ते आठ शिफ्टिंगची मुभा द्या. अनामत वाढवून घ्या, आवाज करू नका म्हणून लिहून घ्या, ओरखड्यांचे पैसे कापून घ्या. त्यात हमालांचाही विचार आहे. आमचं कपाट चौथ्या मजल्यावरून उतरवणारी पोरं काही सावलीत नव्हती.

आम्हाला नव्या इमारतीत परत यायचंय ते तीन वर्षांनी. तेव्हाही मेच असला तर, म्हणून पहाटे टेम्पो आत सोडण्याचा अर्ज सेक्रेटरींकडे आत्ताच देऊन ठेवलाय. पोच अजून आलेली नाही.

आपली,
मुलुंडची एक वाचक, सध्या मुक्काम नाशिक