आधी नंबर, मग प्लग

टिळकवाडी, बेळगाव
७ जुलै

प्रिय सदा,

माळ्यावरचा रेडिओ आणि बंद पडत आलेला लॅपटॉप, दोन्हीची गाऱ्हाणी तू एकाच पाकिटात घातलीस. उत्तरही एकाच पाकिटात घे. पण पुढचं वाचण्याआधी एक ऐक: रेडिओ अजून प्लगला लावला नसशील तर लावू नकोस. ‘लागतो का बघूया’ म्हणून थेट २३० व्होल्ट दिले की जे शाबूत असतं तेही जळू शकतं.

तू पाठवलेल्या फोटोत फक्त पुढची बाजू आहे, आणि ती बाजूच लबाड. बटणं, जाळीचं कापड, कंपनीचा बिल्ला हे सगळं मेकॅनिक लोक एका पेटीवरून दुसरीवर चढवायचे. खरं बोलते ती मागची बाजू. मागच्या पुठ्ठ्यावर मॉडेल नंबर असतो. फिलिप्स असेल तर शेवटचं अक्षर बघ: ए म्हणजे एसी, यू म्हणजे एसी-डीसी दोन्ही, बी म्हणजे बॅटरी. पुठ्ठा उंदरांनी खाल्ला असेल तर घरातली जुनी कागदपत्रं चाळ. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स लागायचं, ते पुस्तक सापडलं तर संचाची माहिती त्यात मिळू शकते.

हे काहीच नसेल तर व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, आहेतच. काचेवरचा नंबर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नकोस, धुळीबरोबर अक्षरंही निघून येतात. टॉर्चचा उजेड तिरपा पाड, नाहीतर काचेवर तोंडाची वाफ सोड. वाफ बसली की पुसट अक्षरं क्षणभर उठून दिसतात. व्हॉल्व्ह काढताना सरळ वर, किंचित हलवत काढ, आणि कुठला कुठे होता ते आधी कागदावर लिही.

नंबर वाचायचा कसा? पहिलं अक्षर फिलॅमेंटचं, म्हणजे आत तापणाऱ्या तारेचं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअर आणि सगळे व्हॉल्व्ह एका माळेत, डी म्हणजे १.४ व्होल्ट, बॅटरीवाला. पुढची अक्षरं काम सांगतात: सीएच मिक्सर, एफ पेंटोड, एल आउटपुट, एम म्हणजे स्टेशन नीट लागलं की दाखवणारा तो हिरवा डोळा, वाय आणि झेड रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारे. आकडा ३ ने सुरू झाला तर आठ पिनांचा जाड ऑक्टल पाया, ४ ने तर रिमलॉक, ८ ने तर नऊ पिनांचा काचेचा नोव्हल, ९ ने तर सात पिनांचा छोटा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० अशी रांग निघाली तर ट्रान्सफॉर्मरवाला साधा एसी संच, नशीब चांगलं. डीके ९६, डीएफ ९६ अशी निघाली तर संच बॅटरीचा, त्या घरात तेव्हा बहुधा वीज नव्हती. त्याला ९० व्होल्टचा वेगळा पुरवठा लागेल, तो थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या विजेला, लावायचा नाही.

साल काढायचं तर सर्वांत नवा व्हॉल्व्ह बघ, संच त्याच्या आधीचा असू शकत नाही (व्हॉल्व्ह नंतर बदललेला नसेल तर). डायलच्या काचेवरही पुरावा मिळतो. तिथे धारवाडचं नाव छापलेलं असेल तर संच १९५० च्या आधीचा नाही, कारण ते केंद्रच त्या साली सुरू झालं.

आता खरी भीती. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी रांग दिसली तर आत मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही आणि चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट लाइनला जोडलेली आहे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चासीवर फेज. बटणाच्या बाजूचा छोटा स्क्रूसुद्धा झटका देतो. असला संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संचाला लाइनपासून तोडून वीज देणारा तो) उघडा चालवायचाच नाही. या माळेतल्या फिलॅमेंटच्या व्होल्टेजचा हिशेब बघ: १९, १९, १४, ४५ आणि ३८ मिळून १३५ व्होल्ट. २३० मधले उरलेले ९५ व्होल्ट एक रेझिस्टन्स खातो, म्हणून तो ९५० ओहमच्या आसपास असतो आणि जवळपास साडेनऊ वॅटने तापतो. एक फिलॅमेंट तुटलं की सगळे विझतात. पुष्कळ संचांत यूवाय ८५ काढून तिथे बीवाय १२७ डायोड ठोकलेला सापडतो. तसं असेल तर ३८ व्होल्टच्या जागी ३८० ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स घातलाय का बघ. नुसती तार जोडली असेल तर बाकीचे व्हॉल्व्ह जास्त व्होल्टेजवर भाजत असतात.

सुरू करण्याआधी दोन कामं टाळू नकोस. ट्रायोडच्या (ईबीसी ८१ च्या) प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कपॅसिटर, ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, मेणकागदाचा असतो आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटीत हटकून गळका होतो. तो गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, ईएल ८४ भरमसाट करंट ओढतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तिथे ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर बसव, दहा-वीस रुपयांचा ऐवज. दुसरं, फिल्टरचे, म्हणजे डीसी पुरवठा सपाट करणारे, ३२+३२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटरचे डबे. त्यांच्या जागी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे घाल. त्याहून मोठा नको, ईझेड ८० ला पहिला कपॅसिटर ५० पर्यंतच चालतो.

मग पहिल्यांदा लावताना फेजमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाक. उजळून नंतर मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर लगेच बंद कर, आत शॉर्ट आहे. पूर्ण व्होल्टेजवर ईएल ८४ च्या कॅथोडला ७ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १२-१५ मिळाले तर तो गळका कपॅसिटर अजून आतच आहे. आत हात घालण्याआधी प्लग काढून १० किलोओहमचा रेझिस्टन्स फिल्टरच्या डब्याला काही सेकंद लाव. ३०० व्होल्ट तिथे दबा धरून बसलेले असतात.

आता लॅपटॉप. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुझ्या चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर ११ अधिकृतपणे बसत नाही, तेव्हा लिनक्सकडे वळतोयस हे बरोबर. माझं मत थोडक्यात: लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबी रॅममध्ये चालते, फक्त ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून ठेवू नकोस. डेबियन जास्त टणक, पण पहिल्यांदा करणाऱ्याला मिंट सोपं. ट्रिस्केलसारखी शंभर टक्के मुक्त (जिचा सगळा कोड खुला आहे अशी) प्रणाली तत्त्वाला चोख, पण तिच्यात कंपन्यांचं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नसतं, त्यामुळे पुष्कळ लॅपटॉपांचं वायफायच उठत नाही. मुक्त आणि फुकट यांतला फरक तुला तिथे कळेल.

रॅमआधी एसएसडी घे (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), २४० जीबीची साटा. फरक तिनेच पडतो. जुनी हार्ड डिस्क पुसू नकोस, काढून कपाटात ठेव. काही बिघडलं तर ती परत घातली की जुनं विंडोज जसंच्या तसं. रॅम घेतलीस तर लेबलवर १.३५ व्होल्ट, डीडीआर३एल असं लिहिलेलं बघून घे. साधी १.५ व्होल्टची दिसायला तशीच, त्याच खाचेत बसेलही, पण मशीन चालू होणार नाही. यूएल ८४ च्या जागी ईएल ८४ खुपसण्यातलाच प्रकार.

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरव, चेकसम जुळव (फाइल अर्धवट उतरली नाही ना हे सांगणारा आकडा), आणि काही इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालू करून बघ: वायफाय, आवाज, ब्राइटनेस, झाकण मिटून परत उघडणं. प्रिंटर आताच तपास. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याला वेगळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या आवृत्त्यांवर सहजी बसत नाही.

तुझं खरं दुखणं जुन्या अर्जांच्या फायलींचं आहे. श्रीलिपी आणि नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या मराठी आणि कन्नड फायली लिनक्सवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल, कारण त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, नाहीत. विंडोज आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घे आणि सगळ्यांची पीडीएफही काढून ठेव. टायपिंगला मात्र एक गंमत आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताखाली ‘कन्नड कगप’ हा लेआउट मिळतो, आणि ‘मराठी कगप’सुद्धा. नुडीवर बसलेली बोटं मराठीलाही तशीच चालतील, दुसरा लेआउट शिकायला नको. हिशेबाचं टॅली मात्र इथे चालेल या भरवशावर राहू नकोस, ते काम जुन्या डिस्कवरच कर.

तेव्हा पुढच्या टपालात मला दोनच गोष्टी पाठव: व्हॉल्व्हचे नंबर जागेच्या क्रमाने, आणि रॅमच्या लेबलचा फोटो. तोवर प्लग भिंतीपासून लांबच राहू दे.

तुझा,
बाळू